ज्वलनाचं समीकरण तोंडी कसं सोडवायचं

वही मिटा आणि पेन बाजूला ठेवा. ज्वलनाचं समीकरण संतुलित करायला, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे करायला, सुरुवातीला यांतलं काहीच लागत नाही. लागतात ती चार पदार्थांची नावं आणि प्रत्येकाच्या पोटात काय आहे याची पक्की माहिती.

ही पद्धत गरजेतून आली. मी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात विज्ञान शिकवते. दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावरच, परत येतात. दहावीच्या लेकरांना शक्यतो आजीपाशी गावात ठेवतात, पण सगळ्यांच्याच घरी आजी नसते. मग त्यांचा अभ्यास रात्री मोबाइलवर होतो. कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, फळा नसतो आणि पुष्कळदा फोनही साधाच असतो, चित्र न दिसणारा. अशा वेळी मी 'टू ओ टू' म्हटलं तर पहिला 'टू' कुठला आणि दुसरा कुठला, हे कानाला कसं कळणार? एक रेणूच्या आधी मोठा लिहायचा असतो, दुसरा चिन्हाच्या पायाशी बारीक. ऐकताना दोन्ही सारखेच. म्हणून आम्ही चिन्हं उशिरा आणायची ठरवली. आधी नावं घ्यायची, रेणू किती ते सांगायचं आणि रेणूच्या आतले अणू मोजायचे. आता वर्गात समोर बसलेल्या लेकरांनाही मी असंच शिकवते, कारण समीकरणात जी गफलत होते ती नव्वद टक्के या दोन आकड्यांचीच असते.

तेव्हा आधी हे पाठ करा. ऑक्सिजनच्या एका रेणूत ऑक्सिजनचे २ अणू. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूत १ कार्बन आणि २ ऑक्सिजन. पाण्याच्या एका रेणूत २ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. ही तीन नावं ज्वलनाच्या बहुतेक सगळ्या गणितांत तीच राहतात. बदलतं ते फक्त इंधन. इंधन डावीकडे, ऑक्सिजनही डावीकडे. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उजवीकडे.

रेणूच्या आतल्या आकड्याला हात लावायचा नाही. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून आत अजून एक घातला, तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. कार्बन डायऑक्साइडमधला एक ऑक्सिजन काढला तर कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि तो माणसाचा जीव घेतो. आपल्या हातात एवढंच आहे की रेणू किती घ्यायचे.

सगळ्यात सोपं इंधन मिथेन. गोबर गॅसमध्ये जळणारा भाग मुख्यतः हाच असतो. गोबर गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडही बराच असतो, पण तो आधीच पुरता जळालेला. त्याचं काही होत नाही. मिथेनच्या रेणूत १ कार्बन आणि ४ हायड्रोजन.

आता तोंडानं मोजा. एक मिथेन जाळला. कार्बन एकच, म्हणून कार्बन डायऑक्साइड एकच. हायड्रोजन चार, पाण्याच्या एका रेणूला दोन लागतात, म्हणून पाण्याचे रेणू दोन. उजवी बाजू झाली. आता उजवीकडे ऑक्सिजनचे अणू किती? कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन, दोन पाण्यांत मिळून दोन, एकूण चार. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू, म्हणजे रेणू दोन.

१ मिथेन + २ ऑक्सिजन → १ कार्बन डायऑक्साइड + २ पाणी

क्रम बघा: कार्बन, मग हायड्रोजन, आणि सगळ्यात शेवटी ऑक्सिजन. हा क्रम लेकरं पाठ करतात, पण का ते विचारलं की गप्प होतात. कारण समजलं तर क्रम पाठ करावाच लागत नाही. कार्बन डावीकडे फक्त इंधनात आहे आणि उजवीकडे फक्त कार्बन डायऑक्साइडमध्ये. एका जागेवरून निघतो, एका जागी पोचतो. हायड्रोजनचंही तसंच, इंधनातून निघतो आणि पाण्यात जातो. ऑक्सिजन मात्र उजवीकडे दोन ठिकाणी वाटला गेलेला आहे. त्याच्यापासून सुरुवात केली तर किती कुणाकडे गेला हे ठरवता येत नाही. दुसरी गोष्ट, डावीकडचा ऑक्सिजन एकटा आहे. त्याच्या रेणूत दुसरं कुठलंच मूलद्रव्य नाही, म्हणून त्याचा आकडा कितीही वाढवला-घटवला तरी आधी जुळवलेले कार्बन आणि हायड्रोजन हलत नाहीत. जो एकटा आहे त्याला शेवटी ठेवायचं. हीच समज पुढे दुसऱ्या प्रकारच्या समीकरणांतही उपयोगी पडते, जिथे ऑक्सिजन नसतोच.

स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेनमध्ये ३ कार्बन, ८ हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइड ३, पाणी ४. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू सहा आणि चार, दहा. म्हणजे रेणू पाच.

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

प्रोपेन असा सरळ आहे. ब्यूटेनपाशी मात्र लेकरं अडखळतात, म्हणून इथे मी घाई करत नाही. ब्यूटेनमध्ये ४ कार्बन, १० हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइड ४, पाणी ५. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू आठ अधिक पाच, तेरा. तेराला दोननं भाग जात नाही. साडेसहा रेणू येतात.

इथवर काहीही चुकलेलं नाही. फोनवर हा आकडा आला की पलीकडचा आवाज एकदम पडतो आणि 'बाई, चुकलं' म्हणतो. चुकलेलं नसतं. एका ब्यूटेनमागे साडेसहा रेणू ऑक्सिजन लागतो हे प्रमाण म्हणून अगदी बरोबर आहे. फक्त अर्धा रेणू असा वेगळा नसतो, आणि शाळेत आपण समीकरण पूर्णांकांत लिहितो. म्हणून सगळं दुप्पट करायचं. सगळं म्हणजे चारही पदार्थ. ऑक्सिजनचे तेरा करून लेकरू थांबतं आणि ब्यूटेन एकचा एकच राहतो, तिथे गुण जातात. मी त्यांना दुप्पट करताना चारही नावं मोठ्यानं घ्यायला लावते: ब्यूटेन दोन, ऑक्सिजन तेरा, कार्बन डायऑक्साइड आठ, पाणी दहा.

२ ब्यूटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

आता ताळा. कार्बन डावीकडे दोन चोक आठ, उजवीकडे आठ. हायड्रोजन वीस, वीस. ऑक्सिजन डावीकडे सव्वीस, उजवीकडे सोळा आणि दहा, सव्वीस. ताळा केल्याशिवाय पुढचं गणित घ्यायचं नाही, हा माझा एकच कडक नियम आहे.

साडेसहा येणार की नाही हे आधीच ओळखता येतं का? येतं. नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या इंधनात कार्बन डायऑक्साइडमधून येणारे ऑक्सिजनचे अणू नेहमी सम असतात, कारण एकेका रेणूत दोन. विषमपणा येतो तो पाण्यामुळेच. पाण्याचे रेणू विषम आले की दुप्पट करावं लागणार, सम आले की नाही. प्रोपेनला पाणी चार, सुटला. ब्यूटेनला पाच, अडला. पेट्रोलसाठी पुस्तकात नमुना म्हणून ऑक्टेन देतात, ८ कार्बन आणि १८ हायड्रोजन. पाणी नऊ येणार, म्हणजे दुप्पट ठरलेलं: २ ऑक्टेनला २५ ऑक्सिजन, आणि उजवीकडे १६ कार्बन डायऑक्साइड, १८ पाणी.

पुढचा टप्पा म्हणजे ज्या इंधनाच्या पोटातच ऑक्सिजन आहे ते. आमच्या लेकरांना हे इंधन परकं नाही. आईबाप जो ऊस तोडतात त्याचीच मळी आसवनीत जाते आणि इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये मिसळते. इथेनॉलच्या रेणूत २ कार्बन, ६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. सूत्र लिहिताना हायड्रोजन दोन ठिकाणी लिहितात, पाच आणि मग शेवटी एक, तो शेवटचा विसरू नका.

कार्बन डायऑक्साइड दोन, पाणी तीन. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू चार आणि तीन, सात. सवयीनं साडेतीन म्हणाल आणि दुप्पट करायला निघाल. थांबा. सातांपैकी एक अणू इथेनॉलनं स्वतःच आणलेला आहे. तो वजा करा, सहा उरले. रेणू तीन.

१ इथेनॉल + ३ ऑक्सिजन → २ कार्बन डायऑक्साइड + ३ पाणी

हे समजावताना एका मुलीनं मला कोपीतून सांगितलं, "बाई, ही उचलच झाली की. आधी वळती करायची, मग राहिलेलं मोजायचं." मुकादमाकडून घेतलेली उचल मजुरीतून आधी कापली जाते, तसा इंधनातला ऑक्सिजन गरजेतून आधी कापायचा. तिच्यामुळे आमच्याकडे आता या पायरीला 'वळती करणे' असंच म्हणतात आणि ही पायरी कुणी विसरत नाही.

इथून एक सुंदर गोष्ट दिसते, ती साखरेत बघा. साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन. आकडे मोठे म्हणून घाबरू नका. कार्बन डायऑक्साइड बारा. पाणी अकरा. उजवीकडे ऑक्सिजन चोवीस आणि अकरा, पस्तीस. साखरेनं आणलेले अकरा वळते केले, चोवीस उरले. रेणू बारा.

१ साखर + १२ ऑक्सिजन → १२ कार्बन डायऑक्साइड + ११ पाणी

पाण्याला लागणारे अकरा अणू आणि साखरेतले अकरा अणू एकमेकांत फिटले. बाहेरून घ्यावा लागला तो फक्त कार्बनपुरता. म्हणून ऑक्सिजनचा आकडा आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकच आला. बहुतेक साध्या कर्बोदकांत असंच होतं, कारण त्यांच्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्याच प्रमाणात, दोनास एक, असतात. ग्लुकोज घ्या, ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन: ऑक्सिजन सहा, कार्बन डायऑक्साइड सहा, पाणी सहा. आपल्या शरीरात श्वसनात एकूण जमेला हेच समीकरण घडतं, ज्योतीशिवाय.

चुलीतल्या तुराट्या, पऱ्हाट्या, शेतातलं पाचट, कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाणारी उसाची चिपाडं, या सगळ्यांत सेल्युलोज भरपूर असतं. सेल्युलोजची साखळी लांबलचक, पण तिच्या एका कडीत ६ कार्बन, १० हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन. आता उत्तर कागदाशिवाय यायला हवं: ऑक्सिजन सहा, कार्बन डायऑक्साइड सहा, पाणी पाच. लाकूडफाट्यात लिग्निनसारखे दुसरे पदार्थही असतात, त्यामुळे चुलीचं खरं रसायन याहून गुंतागुंतीचं आहे. तरी मुख्य हिशेब हाच.

आतापर्यंत सगळीकडे हवा पुरेशी आहे असं आपण धरलं. ती अपुरी असेल तर? गणित तेच राहतं, उजवीकडची नावं बदलतात. मिथेनचंच बघा. हवा कमी पडली तर कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइड एक, पाणी दोन. ऑक्सिजनचे अणू तीन, रेणू दीड. दुप्पट करा.

२ मिथेन + ३ ऑक्सिजन → २ कार्बन मोनॉक्साइड + ४ पाणी

हवा त्याहून कमी झाली तर कार्बन नुसताच राहतो, त्याची काजळी होते.

१ मिथेन + १ ऑक्सिजन → १ कार्बन + २ पाणी

मिथेनची तीन समीकरणं झाली आणि तिन्ही बिनचूक संतुलित आहेत. एका मिथेनमागे ऑक्सिजन दोन, दीड आणि एक. म्हणजे समीकरण जुळलं यावरून ते घडतंच असं सिद्ध होत नाही. काय तयार होतं हे आधी प्रश्नातून किंवा ज्योतीकडे बघून ठरवावं लागतं: निळी ज्योत असेल तर ज्वलन बहुतांशी पूर्ण, पिवळी ज्योत आणि भांड्याला काजळी असेल तर अपूर्ण. प्रत्यक्षात तिन्ही प्रकार थोडेथोडे एकत्रही चालतात. परीक्षेत 'पूर्ण ज्वलन' किंवा 'ऑक्सिजनचा मुबलक पुरवठा' हे शब्द दिसले की पहिलं समीकरण लिहायचं.

कोळशाचंही असंच. एक कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून एक कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजन कमी असेल तर दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून दोन कार्बन मोनॉक्साइड. हा भाग मी फोनवर शिकवते तेव्हा गणित थांबवून सांगते: थंडीत निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन, कोपी चहूबाजूंनी झाकून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीनं चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. गॅस गीझर असलेल्या बंद न्हाणीघरातही हेच घडतं. लेकरांना हे सांगा आणि घरी सांगायला लावा.

आता वजनाचा ताळा. हा ताळा अणूंच्या ताळ्याइतकाच पक्का, कारण अणू तेवढेच राहिले तर वजनही तेवढंच राहणार. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लाव्हाझिए यानं तराजू घेऊन हेच दाखवलं: वस्तू जळून नाहीशी होत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन दुसऱ्या पदार्थांत जाते. कार्बनचं अणुवस्तुमान १२, हायड्रोजनचं १, ऑक्सिजनचं १६ धरा. प्रोपेनचा रेणू ४४. ऑक्सिजनचे पाच रेणू १६०. डावीकडे २०४. उजवीकडे तीन कार्बन डायऑक्साइड १३२, चार पाणी ७२. बेरीज २०४.

हे आकडे घरातल्या सिलिंडरला लावून बघा. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. सोयीसाठी सगळा प्रोपेन धरला तर तो जळायला सुमारे ५१.६ किलो ऑक्सिजन लागतो, आणि बाहेर पडतो सुमारे ४२.६ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २३.२ किलो पाणी. दोन्हीकडे ६५.८. सगळा ब्यूटेन धरला तरी पाणी २२ किलोच्या आसपास येतं. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत आपल्या स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार भरून वर उरेल इतकं पाणी वाफ होऊन उडून जातं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या लेकरांना हा आकडा सांगितला की त्यांचा विश्वास बसत नाही. मग मी सांगते, थंड पाण्यानं भरलेलं, बाहेरून कोरडं पातेलं पेटत्या गॅसवर ठेव आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याच्या बाहेरच्या बाजूकडे बघ. दमट धुकं धरलेलं दिसतं. पातेलं तापलं की ते जातं. समीकरणाच्या उजव्या बाजूला लिहिलेलं पाणी ते हेच.

तोंडी हिशेब हातात बसला की मगच चिन्हांकडे या. कागदावर लिहिताना आधी सगळी सूत्रं लिहून घ्या, आतले आकडे बारीक आणि खाली. मग तोंडी काढलेले रेणूंचे आकडे प्रत्येक सूत्राच्या आधी मोठे लिहा. १ लिहायची गरज नाही. दोन बाजूंमध्ये बाण, बरोबरचं चिन्ह नको. उष्णता आणि प्रकाश मिळतात तेही उजवीकडे लिहा, आणि प्रश्नात मागितली असेल तर पदार्थांची भौतिक अवस्था कंसात द्या. ज्योतीपाशी पाणी वायुरूपात असतं, हे अवस्था लिहिताना ध्यानात ठेवा.

अकरावी-बारावीच्या लेकरांना ताळ्यासाठी एक सूत्रही देते. एका इंधनरेणूमागे लागणारे ऑक्सिजनचे रेणू म्हणजे कार्बनची संख्या, अधिक हायड्रोजनच्या संख्येचा चौथा भाग, वजा इंधनातल्या ऑक्सिजनचा अर्धा. इथेनॉलला लावा: दोन अधिक दीड वजा अर्धा, तीन. बरोबर आलं. पण हे सूत्र आधी देऊ नका. क्रम समजण्याआधी दिलं तर लेकरू सूत्रात आकडे टाकतं आणि अणू मोजायचे सोडून देतं.

सरावाला पाच इंधनं घ्या. हेक्झेन, ६ कार्बन आणि १४ हायड्रोजन. गॅस वेल्डिंगमधलं अ‍ॅसिटिलीन, २ कार्बन आणि २ हायड्रोजन. मिथेनॉल, १ कार्बन, ४ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. यात वळती करूनही दुप्पट करावं लागतं, तेव्हा नीट बघा. हायड्रोजन सल्फाइड, २ हायड्रोजन आणि १ गंधक. गोबर गॅसला जो कुजका वास येतो तो याचाच. इथे कार्बनच नाही, गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, बाकी क्रम तोच. शेवटी मेणबत्तीचं मेण; मेण मिश्रण असतं, पण नमुना म्हणून २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजनचा रेणू घ्या.

उत्तरं त्याच क्रमानं, आधी इंधन, मग ऑक्सिजन, मग कार्बन डायऑक्साइड (चौथ्यात सल्फर डायऑक्साइड), मग पाणी. हेक्झेन २, १९, १२, १४. अ‍ॅसिटिलीन २, ५, ४, २. मिथेनॉल २, ३, २, ४. हायड्रोजन सल्फाइड २, ३, २, २. मेण १, ३८, २५, २६.